धर्माजी मास्तरांचा निरोप

सुवार्ताला जुन्नर सोडायचं नव्हतं. नारायणगावच्या एका दवाखान्यात तिची नर्सची नोकरी पक्की होती. आठ वर्षांच्या एस्तेरची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. आणि मुख्य म्हणजे घरात सासरे होते, धर्माजी मास्तर, शहात्तर वर्षांचे. पण एप्रिलच्या अखेरीस एका मिशन संस्थेचं पत्र आलं. तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत मुलांचं वसतिगृह आणि लहानसा दवाखाना चालवायला नवरा-बायको हवे होते. तिचा नवरा शांतवन आठ दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरला. शेवटी म्हणाला, "मला वाटतं, देव आपल्यालाच बोलावतोय."

"आणि बाबा?" सुवार्तानं विचारलं.

मास्तर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वर न बघता ते म्हणाले, "बाबा इथंच राहतील. कमरजहाँ आहे की शेजारी. मी तुम्हाला अडवलं, तर देवाला काय तोंड दाखवू?"

मास्तर वाळले होते, हे तिला दिसत होतं. विजारीच्या पट्ट्याला त्यांनी नवं भोक पाडलं होतं. तिनं खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी टॉनिकची बाटली पुढं केली. "दाखवून आलो. वयाचं आहे म्हणाले." सामानाच्या बांधाबांधीत तिनं ते मान्य केलं.

मे महिन्याच्या शेवटी टेम्पो भरला. कमरजहाँचाचींनी दालचा-भाताचा डबा एस्तेरच्या मांडीवर ठेवला. मास्तर दारातच उभे राहिले. नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, ती इतकी लांबली की ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

वाडीतले सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. शांतवन वसतिगृहात रमला. सुवार्ता मात्र दवाखान्याचं दार उघडून बसे आणि कुणी फिरकत नसे. लोक भाताच्या लावणीत गुंतलेले, शिवाय ही नवी बाई कोण कुठली! मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. दर रविवारी ती तिथं जाऊन सासऱ्यांना फोन करायची.

"किती माणसं आली या आठवड्यात?" ते पहिल्यांदा हेच विचारायचे.

"दोन."

"येतील, येतील. मी ठणठणीत आहे. तू तुझं बघ."

सप्टेंबरात एका मंगळवारी संस्थेचा माणूस सांगत आला, कमरजहाँचाचींना लगेच फोन करा. निरोप मिळाल्यावर सुवार्ता टाकीकडे धावली.

"बेटा, मास्तरांनी मला शपथ घातलीय, पण आज मी ती मोडते," चाची रडत होत्या. "लई दिवस झाले त्यांच्या घशाखाली अन्न न्हाई. लगेच या."

दुपारची एस.टी. निघून गेली होती. एस्तेरला पाठीवर घेऊन शांतवन आणि मागोमाग सुवार्ता चालत तळेघरला उतरले, तिथून एका जीपनं घोडेगाव, पुढं मंचर. जुन्नरला पोचेपर्यंत रात्र झाली.

मास्तर खाटेवर होते, पण खाटेवर माणूस आहे हे जवळ गेल्यावरच कळत होतं. चाचींचे पती नवाबचाचा त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. चाचींनी कपाटातली फाईल काढून सुवार्ताच्या हातात दिली. अन्ननलिकेचा कॅन्सर. तारीख अठरा एप्रिल. पत्र यायच्या आधीची.

"बाबा, का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "मी नर्स आहे ना?"

"म्हणूनच," मास्तर पुटपुटले. "तू थांबली असतीस."

"हो, थांबले असते!"

त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "आता किती येतात?"

त्या आठवड्यात पाच जण आले होते. "रोज वीस-पंचवीस येतात, बाबा," ती म्हणाली. "वेळ पुरत नाही." मास्तरांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की तिला तिथं उभं राहवेना. ती मागच्या दारी गेली आणि तोंडावर पदर दाबून रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शांतवन त्यांचे पाय चोळत असताना, मास्तर गेले.

पुरताना चर्चच्या पाळकसाहेबांनी या कुटुंबाच्या विश्वासाचं खूप कौतुक केलं. सुवार्ताला ते ऐकवेना. घरी आल्यावर ती चाचींवर बरसली. "तुम्ही तरी सांगायचं होतं!"

"रोज फोन हातात घ्यायची, अन् रोज ठेवून द्यायची," चाची म्हणाल्या. "ते म्हणायचे, कमर, माझ्या पोरांच्या पायात मी बेडी व्हणार न्हाई." मग दोघी एकमेकींना धरून बसल्या.

शांतवन खचला होता. "संस्थेला कळवतो मी, दुसरं कुणी बघा म्हणून," तो म्हणाला. "ज्याला आपल्या बापाचं दुखणं दिसलं नाही, तो त्या पोरांना काय सांभाळणार?"

सुवार्ताला देवाचं बोलावणं वगैरे काही ऐकू येत नव्हतं. तिला आठवत होती वाडीतली भागू, सात महिन्यांची पोटुशी, पायांवर सूज असलेली. भागूला गुरुवारी तपासायला बोलावलं होतं. गुरुवार होऊन गेला होता.

"मला जायला हवं," ती म्हणाली. "तुम्ही मागून या हवं तर."

तो बरोबरच आला. दवाखान्याच्या पायरीवर भागू बसलेली होती. "तीनदा येऊन गेले, बाई. कुठं गेल्ता?"

"सासरे वारले माझे."

"मंग आज कशाला आल्या?"

सुवार्तानं भागूच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी फार चढलं होतं. शांतवननं जीप शोधून आणली आणि दोघांनी तिला घोडेगावच्या रुग्णालयात नेलं. पुढं नोव्हेंबरात भागूला मुलगी झाली, नाजूक, पण जगली. तेव्हापासून वाडीतल्या बाया दवाखान्यात येऊ लागल्या.

ते अजून तिथंच आहेत. शांतवनला महिनाभर मुलांपुढं प्रार्थना म्हणता आली नाही, आता म्हणतो. बाबांनी जे केलं ते विश्वासानं केलं, असं तो म्हणतो.

"केलं असेल," सुवार्ता म्हणते. "पण मला विचारायला हवं होतं."