सावडीची पाळी

बांधावर नऊ माणसे विळे घेऊन उभी होती आणि पिकलेल्या भाताची कोरडी, पिवळी सळसळ तेवढी त्यांच्यामधून वाहत होती. एकमेकांची शेते पाळीपाळीने कापण्याच्या सावडीत आज सुंदराचा दिवस होता, आणि तिने नुकतेच सांगितले होते, घरी जा. दारी आलेली सावड परत फिरवल्याचे पोशीर गावाला ऐकूनही ठाऊक नव्हते.

एकोणीसशे अठराचा आश्विन होता. मानमोडीचा ताप कर्जतच्या स्टेशनावर उतरून गावोगावच्या उंबऱ्यांवर येऊन ठेपला होता.

"का गं," सावडीचा म्होरक्या मालोजी अखेर म्हणाला, "आमचे विळे बोथट झाले?"

"दादा, पयली पाळी नामाची. चौथ्या दिवशी त्याचं घर तापानं पडलं. मग चिंधीची, तिचं पडलं. मग तुमची, तुमच्या ल्योकानं काल कुठं पेज घेतली. ज्या घरी आपण जेवलो, त्याच घरी ताप गेला. वरची आळी सावडीत नाय. तिथं कोण पडलंय?"

"वारं आणतं ताप," नामा खोकत म्हणाला.

"वारं पाळी विचारून येतं का रं, नामा?"

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. घराच्या दाराशी सुंदराची लेक गोदा उभी होती, आठवा महिना सरत आलेली. खालच्या गावात अशाच दोघी एका आठवड्यात तापाने गेल्या होत्या.

"भात गळंल," मालोजी म्हणाला. "आन सावड मोडणाऱ्याच्या शेतात पुन्यांदा कोण येत नाय."

"गळू दे. दाणा परत पेरता येतो."

मालोजी दाराशी उभ्या गोदाकडे वळला. मग सर्वांकडे वळला.

"ऐका रं. ताप सरंपर्यंत ज्यानं त्यानं आपलं कापायचं. जेवण आपल्या घरी, चिलीम ज्याची त्याची. सावड मी थांबवलीय, हिनं नाय. पुढल्या साली पयली पाळी हिची."

"माझी चिलीम तुमच्यापाशीच हाय," नामा म्हणाला.

"मग तुझी चिलीम सुटली समज."

माणसे पांगली, एरवी घोळक्याने जाणारी आज बांधावरून सुटी सुटी, लांब अंतराने गेली. मालोजी एकटाच उरला. त्याचे शेत कापून झाले होते. सुंदराच्या घरापासून सर्वांत दूरच्या खाचराकडे त्याने नजर टाकली आणि विळा खांद्यावरून उतरवला.

"दादा, एकट्यानं किती कापाल?"

तो तिकडे चालू लागला.