मोडीच्या भावाची घंटा

मी काशाची घंटा बोलतेय. मला ओतलं हॉलंडातल्या ओताऱ्यानं, पण माझं अंग बाल्टिक समुद्रातल्या रान्ना बेटाचं. तिथल्या कोळ्यांनी आपल्या चर्चला घंटा हवी म्हणून घरातली तांब्याची पातेली नि किटल्या धाडल्या, त्या वितळवून मी झाले. गावाचं नाव माझ्या पोटावर कोरलंय.

मला पोचवायला निघाला हिल्के तांडेल. वाटेत डेन्मार्कची चिंचोळी सामुद्रधुनी लागते. तिथं एल्सिनोर बंदरात राजाची जकात भरल्याशिवाय एकही गलबत पुढं जात नसे. मालाची किंमत तांडेलानंच सांगायची. मात्र त्याच किमतीला तो माल विकत घ्यायचा हक्क राजाला होता. हिल्के माणूस चांगला, पण जकातीपुढं भल्याभल्यांची जीभ घसरते.

“काय तांडेल, केवढ्याची घंटा?” जकातदार रास्मुसनं विचारलं.

“कसली घंटा साहेब, मोड आहे नुसती! मोडीच्या भावानं लावा.”

रास्मुसनं मला किल्लीनं ठोकलं. मी कसली गप्प बसतेय! खणखणीत वाजले.

“मोडीला गळा बरा आहे की! घेतली राजानं. मोडीच्या भावानं.”

“अहो, गावाची आहे ती! खरी किंमत लिहा, भरतो जकात.”

“बोलताना नाही आठवलं गाव?”

हिल्के डोळे पुसत गेला. मला तेही जमेना. कुणी वाजवल्याशिवाय घंटेला रडता येत नाही.

मला धक्क्यावर टांगलं. माझा आवाज आला की तांडेलांनी जकात भरायला यायचं. “वाजली मेली!” म्हणत ते यायचे. धुक्यात मात्र हेच लोक माझ्या आवाजावर गलबत हाकायचे आणि मला दुवा द्यायचे. माणसांचं असंच असतं. माझं मन मात्र रान्नाला लागलेलं. शंभराहून जास्त वर्षं अशीच गेली.

मग एके दिवशी जकातच उठली. कचेरीतलं सामान विकायला काढलं. तोनू नावाचा एक खलाशी माझ्या पोटावरची अक्षरं लावत होता, तो एकदम ओरडला, “अरे, हे तर आमचं गाव!”

“तुमची घंटा?” कारकुनानं विचारलं.

“आमच्याकडं नुसता रिकामा मनोरा आहे! काही टाळायचं असलं की लोक म्हणतात, ‘घंटा आली की बघू.’ माझ्या लीसुमावशीनं मार्तकाकाला लग्नाचं हेच सांगून म्हातारं केलं.”

“मग ने बाबा. मोडीच्या भावानं ने.”

“आणि जकात?”

“कसली जकात! ते दिवस गेले.”

रान्नाला पोचले तेव्हा अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. पोरं माझ्या अंगात आपापल्या घरचं पातेलं शोधत होती. मला फार, फार बरं वाटलं. बाबांनो, आपल्या माणसांच्या वस्तूला कधी मोड म्हणू नका.

मला मनोऱ्यात चढवलं, तेव्हा धुतलेला सदरा घालून मार्त सगळ्यांच्या पुढं उभा होता.

“लीसु,” तो म्हणाला, “घंटा आली.”

लीसु लाजली. “आली खरी मेली!” म्हणाली, आणि तिनंच पुढं होऊन दोरी ओढली.