डबीतले शंभर छर्रे

महंमद हनीफ मिस्त्रींना राग यायला कारण लागत नाही, असं जुन्नरच्या बाजारात म्हणतात. पण या खेपेला कारण होतं आणि ते चांगलं सज्जड होतं. त्यांच्या लेकीला, झेबाला, जिल्ह्याच्या संघातून डावललं होतं. एअर पिस्तूलच्या संघात मुली तीनच घेतात. तिसरी जागा मिळाली संस्कृतीला, आणि संस्कृती कोण, तर निवडचाचणी घेणाऱ्या पेठच्या नेमबाजी क्लबच्या सचिवाची, सावळेरामची, सख्खी पुतणी. आता याच्यावर आणखी काय सांगायचं?

सहाशेपैकी संस्कृतीला पाचशे एक्कावन्न, झेबाला पाचशे त्रेचाळीस. जी पोर सरावात पाचशे पासष्टच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हती तिला त्रेचाळीस! निवडचाचणी संपल्यावर झेबा एवढंच म्हणाली होती, "आज छर्रे पांगत व्हते." त्यावर सावळेराम सगळ्यांदेखत हसला. "नाचता येईना अंगण वाकडं! पोरीचा हात हलतो अन् म्हणं छर्रं खराब."

तिथंच मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तीन आठवडे झाले तरी ती खाली उतरायला तयार नव्हती.

छर्रं खराब? अहो, तो छर्ऱ्यांचा डबा मिस्त्रींनी स्वतः पारखून घेतला होता. लेथच्या कारखान्यामागं जी लांबट बोळ आहे तिथं त्यांनी दहा मीटर टेपनं मोजून घेतले होते. एका टोकाला लोखंडी टेबल, त्यावर व्हाइस म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, व्हाइसच्या जबड्यांना चामड्याचं अस्तर, आणि त्यात झेबाचं पिस्तूल असं पकडायचं की माणसाच्या हाताचा संबंधच राहू नये. मग एका कागदावर पाच छर्रे सोडायचे. व्हाइसला धाप लागत नाही, त्याचं काळीज धडधडत नाही, तेव्हा पाचही एकाच भोकात गेले तर डबा चांगला आणि पांगले तर डबा परत. चार डबे त्यांनी असे नापास केले होते. पाचव्याचे छर्रे एकामागोमाग एकाच भोकात शिरले, आणि मिस्त्री त्या दिवशी बायकोला, आमिनाबींना, म्हणाले होते, "आता पोर काय मागं राहत न्हाई."

एवढ्यावर थांबतील तर ते हनीफ मिस्त्री कसले! छर्रा हा शिशाचा, शेंगदाण्याएवढासुद्धा नाही. पुढं डोकं, मध्ये कंबर आणि मागं परकरासारखा पसरट घेर. त्या पाचव्या डब्यातले कंपनीचे छर्रे मिस्त्रींनी मायक्रोमीटरनं मोजले तर डोक्याच्या मापात केसाएवढा फरक. चाळीस वर्षं ज्यानं इंजिनांचे पार्ट घासले त्याला केसाएवढा फरक म्हणजे शिवीच. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी लेथवर एक छोटी डाय, म्हणजे मापाच्या भोकाचा पोलादी ठोकळा, बनवली. मोजून मापून भोक पाडलं, ते आतून गुळगुळीत करायला रीमर फिरवला आणि एकेक करून डब्यातले शंभर छर्रे त्या भोकातून दाबून काढले. सगळे एका मापाचे! ते झेबाच्या चपट्या डबीत भरून छर्ऱ्यांच्या कपाटात ठेवले; त्या कपाटाची किल्ली कायम मिस्त्रींच्याच खिशात असायची. तिला बोलले नाहीत. संघात नाव आलं की सांगू, पोर खूश होईल, असा हिशेब. त्या शंभरातला एकही छर्रा त्यांनी व्हाइसवर मारून पाहिला नाही. मापात होते ना, मग पाहायचं काय?

तर असे ते छर्रे पांगतील कसे? चाचणीहून घरी आल्यावर मिस्त्रींनी डबीत उरलेल्यांतले पाच व्हाइसवर मारले. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे ते कागदभर फाकले. मग मूळ डब्यातले पाच मारले, तर तेच ते एक भोक. झालं! मिस्त्रींचा विचार सरळ होता. माझ्या डायमधून गेलेला छर्रा असा जाणं शक्य नाही, त्या अर्थी हे माझे छर्रेच नव्हेत. निवडचाचणीआधी सगळ्या मुलींची पिस्तुलं आणि डब्या तपासणीच्या टेबलावर गेल्या होत्या, दहा मिनिटं नजरेआड होत्या, आणि त्या टेबलावर कोण बसलं होतं? सावळेराम.

"डबी बदलली त्यानं," मिस्त्री म्हणाले. हे ते घरात म्हणाले, कारखान्यात म्हणाले, मशिदीबाहेर म्हणाले, बुधवारच्या बाजारातही म्हणाले. जिल्ह्याला अर्ज धाडला, त्यात सावळेरामचं नाव घालून खाली दोनदा रेघ मारली.

"जाऊ द्या ना अब्बा," झेबा म्हणायची. "माझाच हात हलला असंल."

"हात हलला? तुझा? त्या चोरानं तुझ्या डोक्यात भरवलं अन् तू बी तेच म्हणायला लागली?" मिस्त्रींना या गोष्टीचा तर सगळ्यात जास्त संताप यायचा. जागा घेतली ती घेतली, वर पोरीचा स्वतःवरचा भरवसाही नेला.

शेवटी अर्जाला जिल्ह्याचं उत्तर आलं. रविवारी सकाळी निरीक्षक म्हणून प्रतिभा मॅडम पेठच्या क्लबवर हजर राहतील. मिस्त्रींनी व्हाइस गोणपाटात बांधला, मूळ डबा आणि झेबाची डबी पिशवीत घातली आणि लेकीला घेऊन नारायणगावमार्गे पेठ गाठलं.

क्लबच्या हॉलमध्ये दहा-बारा पालक जमले होते. सावळेराम हाताची घडी घालून भिंतीशी उभा होता आणि त्याच्या शेजारी संस्कृती. मिस्त्रींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलाला व्हाइस बोल्टनं आवळला, पिस्तूल बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, बोलून काय व्हनार? डोळ्यानं बघा."

मूळ डब्यातले पाच मारले. कागद आणला तर नखाएवढं एक भोक. मग डबीतले पाच मारले. दुसरा कागद प्रतिभा मॅडमनी उजेडाला धरला, तर पाच भोकं पाच दिशांना. हॉलमध्ये कुजबूज उठली. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, म्हंजी खरंच की!"

"तपासणीच्या टेबलावर कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

"मीच व्हतो, मॅडम," सावळेराम म्हणाला. "पर देवाशपथ सांगतो, मी कुनाच्या डबीला बोट लावलं न्हाई."

"चोर कधी हो म्हणतो का?" मिस्त्री गरजले. तीन आठवड्यांचा राग आता कुठं मार्गी लागत होता. अंगात नवं रक्त आल्यागत त्यांना वाटत होतं. "माझ्या पोरीला हात हलतो म्हणला! भर हॉलमधी! कुनाचा हात कुठं हलला ते दिसलं का आता सगळ्यांना?"

संस्कृती रडायला लागली. "काका, मी काय केलं?" ती म्हणत होती आणि सावळेरामला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"संस्कृतीचं नाव मी आज थांबवते," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या रविवारी दोघींची फेरचाचणी होईल. सावळेराम, तोवर तुम्ही क्लबच्या कामात लक्ष घालायचं नाही." मग त्यांनी पर्समधून भिंग काढून डबीतला एक छर्रा पाहिला, दुसरा पाहिला. "गंमत आहे. छर्रे त्याच कंपनीचे वाटतात. पण प्रत्येकाच्या घेरावर एक बारीक रेघ आहे, एकाच जागी. आणि घेर दबलेले आहेत. मिस्त्री, तुम्ही लेथवाले. ही कशाची रेघ, तुम्हालाच कळेल."

मिस्त्रींनी तोऱ्यातच भिंग घेतलं. छर्रा बोटावर फिरवला. आणि फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं.

रीमर काढताना हात किंचित अडखळला की भोकात एक ओरखडा राहतो, आणि त्या भोकातून जे जाईल त्यावर तो उमटतो. माणसाला आपलं अक्षर जसं ओळखू येतं तसा मिस्त्रींना आपला ओरखडा ओळखू आला. हे त्यांचेच छर्रे होते. डोकं मापात यावं म्हणून त्यांनी ते दाबून काढले आणि मागचा घेरही त्याच भोकातून चेपला गेला. तो घेर पसरट असतो तोच मुळी पिस्तुलाच्या नळीत घट्ट बसायला. चेपलेल्या घेराचा छर्रा नळीत डुगडुगत जाणार, दुसरं काय होणार?

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "कंपनीच्या साच्याची असंल," हे वाक्य जिभेवर आलंही होतं. एवढं म्हटलं की संपलं. फेरचाचणी होती, चांगला डबा होता, झेबाचा हात होता. संघ झेबाचा होता.

त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. व्हाइसमधल्या पिस्तुलाकडं बघत होती, ओठ दाबून, आणि मिस्त्रींच्या ध्यानात आलं की ही रेघ कशाची ते तिला ठाऊक आहे.

"डाय माझी हाय," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"छर्रे मीच दाबले, मॅडम. आदल्या दिवशी. पोरीला बी सांगितलं न्हाई. कुनी काय बदललं न्हाई. सावळेरामभाऊ, माझी चूक झाली. माफ करा."

सावळेराम एकदम पुढं आला. "माफ करा? तीन हप्तं, हनीफभाई! तीन हप्तं जुन्नरपासून मंचरपतोर मला चोर म्हणत फिरला. ही पोरगी कॉलेजात जाईना झाली, पोरी तिला डबीवाली म्हंत्यात. अन् आता माफ करा?" मिस्त्रींनी मान खाली घातली. सावळेरामनं पुतणीला खांद्याला धरलं आणि उत्तराची वाट न बघता तिला घेऊन बाहेर गेला. मॅडमनी अर्ज घडी करून परत मिस्त्रींच्या हातात दिला. निकाल होता तोच राहिला.

पेठच्या थांब्यावर उन्हात दोघंच उभे होते. व्हाइसचं गोणपाट पायाशी होतं.

"तुला कवापासनं ठाव हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"चाचणीच्या दुसऱ्या दिवसापासनं. डायखाली शिशाचा चुरा पडला व्हता."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी कुनाला बोलू देता?" झेबाचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा चढला. "मला वाटलं, राग उतरंल. तुमच्या हातनं झालं असं कुनाला कळाया नको म्हणून मी हात हलला म्हणत राहिले. साठ छर्रे मारले अब्बा, अन् दर छर्ऱ्याला माझ्या हाताला शिव्या घातल्या. माझा हात एकदा बी हलला नव्हता!"

"बेटा, मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी करायचं व्हतं तर मला विचारायचं. छर्रे माझे व्हते. एक शब्द विचारला असता तर पाच मारून बघितले असते अन् सगळं तिथंच मिटलं असतं. तुमाला ते बघायचंच नव्हतं. तुमाला मला दाखवायचं व्हतं."

मिस्त्रींनी खाली वाकून गोणपाटाची गाठ उगाच आवळली. ती बोलत होती ते शब्दाशब्दाला खरं होतं.

"फुडल्या वर्षी परत निवड हाय," झेबा म्हणाली. "छर्ऱ्यांच्या कपाटाची किल्ली द्या."

मिस्त्रींनी खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती, बोटं घामानं निसटत होती, आणि ती एवढीशी किल्ली सोडवायला त्यांना फार वेळ लागला. झेबा हात पुढं करून उभी राहिली, पण मदत तिनं केली नाही.