जनीची नखं

"आई, आज शनिवार हाय! शनिवारी नखं कापतात का कोन?" मासळीची रिकामी पाटी उंबऱ्याशी टेकवत मोनाली सासूवर खेकसली.

"सुईनीला वार नसतो," जनीने मान वर न करता सांगितलं. "पोटातल्या पोराला काय कलतंय, सोमवार का शनिवार?"

मोनालीने कपाळाला हात लावला. चौदा वर्षांत जनीला एकही बाळंतपणाचं बोलावणं आलं नव्हतं. अर्धं बेलपाडा गाव तिच्या हातावर जन्मलं, पण आता फोन केला की गाडी येते आणि बाई सुखरूप पनवेलला पोचते. त्यात वाईट काय, असं जनी स्वतःच म्हणायची. फक्त म्हणताना तोंड दुसरीकडे करायची. नखं मात्र दर आठवड्याला कापायची. बोलावणं येवो न येवो, सुईणीचा हात तयार असला पाहिजे, हा तिचा हट्ट होता.

आणि नेमकं त्याच शनिवारी बोलावणं आलं. मोनाली ज्या टॉवरच्या गेटवर मासळी विकायची, तिथल्या सतराव्या मजल्यावरची रुचिरा दारात उभी राहिली. तिला नववा लागला होता. मागे तिची सासू वसुंधराबाई, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

"आजी, मोनालीकडून तुमच्याबद्दल ऐकलं. मला घरी बाळंत व्हायचंय. तुम्ही याल?"

जनीला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. "घरी? का गं बाय?"

रुचिरा खाटेच्या कडेवर बसली. "थोरलीच्या, इराच्या वेळी हॉस्पिटलात अकरा तास उताणी पडून होते. उठू देईनात, नवऱ्याला, सत्यजीतला आत येऊ देईनात. कळा असह्य झाल्या तेव्हा नर्स म्हणाली, ओरडू नका, जगात तुम्हीच पहिल्या नाही. मला कुणी काही विचारलंच नाही, आजी. या वेळी मला माझ्या माणसांत राहायचंय."

"हिला किती समजावलं," वसुंधराबाई म्हणाल्या. "ऐकेल तर शपथ."

"येईन ना! न यायला काय झालंय?" जनीच्या तोंडून निघूनही गेलं. म्हातारी इतकी खुलली, की मोनालीला हसू आवरेना. जनीने चटई अंथरली, रुचिराला आडवी केली, हात एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि तिच्या पोटावर ठेवले.

हात वर सरकले आणि फासळ्यांखाली थांबले. तिथे टणक, गोल काहीतरी होतं. जनीने डोळे मिटून पुन्हा चाचपलं. डोकं वर होतं. पोर पायाळू होतं.

ते हातांनी फिरवायची विद्या तिला येत होती. सात पोरं तिने अशी फिरवली होती. आठव्या वेळी समोर तिची धाकटी जाऊ पारू होती. पोर फिरलं नाही, अडकलं, आणि दिवस मावळायच्या आत दोघंही गेली. पारूचं नशीब, असं गाव म्हणालं. जनीने मात्र त्या दिवसापासून दोष आपल्या हातालाच दिला, आणि ते कुणाला सांगितलं नाही.

आता गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? चौदा वर्षांनी आलेलं बोलावणं होतं. पुन्हा येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जनीने हात उचलले. "घरी नाय, बाय. तू हास्पिटलात जा. पोर पायालू हाय."

"पण तीन आठवड्यांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये डोकं खाली आहे!"

"असंल. पोटातला पोर काय तुजा रिपोट वाचून बसलाय?"

रुचिराचे डोळे भरले. "म्हणजे तुम्हीसुद्धा नाहीच म्हणणार."

"घराला नाय बोलते. तुला नाय." जनीने तिचा गाल पुसला. "डाक्टराला दहा गोष्टी विचार. जवल मानूस ठेवशील काय, ते पयलं विचार. नाय बोलला तर दुसरा बघ. पनवेलीत डाक्टरांचा काय दुष्काल हाय?"

इतका वेळ फुगून बसलेल्या वसुंधराबाईंनी जाताना जनीला वाकून नमस्कार केला.

सोमवारच्या सोनोग्राफीत बाळाचे पाय खाली दिसले. पाणीही कमी होतं, तेव्हा सिझेरियन ठरलं. जवळ माणूस ठेवायला दोन डॉक्टर नाही म्हणाले, तिसऱ्या डॉक्टर कीर्तींनी एका माणसाला आत यायची परवानगी दिली. सत्यजीतला रक्त पाहून भोवळ येते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"जनीआजी येतील," रुचिरा म्हणाली. "माझ्या सुईण आहेत."

डॉक्टरांनी जनीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, पालथे करून नखं पाहिली. "या, आजी," त्या म्हणाल्या. "कपडे बदला आणि हात धुऊन घ्या."

आत जनीला काही करायचं नव्हतं. हिरवा झगा घालून ती रुचिराच्या डोक्याशी बसली आणि तिने हात पुढे केला. रुचिराने तो घट्ट धरला. घटकाभरात मुलगी रडली. जनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एवढाच वेळ लागला होता. पारूला एवढाच वेळ कुणीतरी द्यायला हवा होता. जनीच्या डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये झिरपलं, आणि सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं. तेही खोटं नव्हतं.

दुपारी जनी घरी आल्यावर मोनालीने विचारलं, "मंग? काय केलंस तिथं?"

"कायच नाय. हात धरला."

जनीने तळवा उघडून दाखवला. रुचिराची लांब नखं रुतून चार लालभडक चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"अगोबाई! थांब, हलद लावते."

"राहू दे," जनी म्हणाली, आणि तिने मूठ मिटून घेतली.