धाकटीच्या बाटलीतलं लिंबू

चहाचं आधण ठेवताना थोरलीचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं आणि आधण तसंच राहिलं. तळव्याच्या मुळापासून कोपरापर्यंत एक लाल ओघळ उमटला होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. भाजलं म्हणावं तर कुठं चटका बसला नव्हता. किडा चावला म्हणावं तर कुठला किडा अशी रेघ ओढत जातो?

ओघळ कशाचा ते तिला आठवलं. परवा तेल गाळलं, तेव्हा मलमलीचं फडकं पिळताना तेल असंच हातावरून कोपराकडे वाहिलं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं ते तिथंच जिरवलं, वर घड्याळ बांधलं आणि चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली. ऊन मी म्हणत होतं. आता ती लाल रेघ मनगटाशी मध्येच तुटली होती, बरोबर घड्याळाच्या पट्ट्याएवढी. पट्ट्याखाली तेल लागलं होतं, पण ऊन लागलं नव्हतं.

त्याच तेलाची बाटली काल संध्याकाळी धाकटीकडे गेली होती. आणि धाकटी, म्हणजे तिची जाऊ, वाहतूक पोलिसात होती. अख्खा दिवस चौकात, उन्हात.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण या दोघींमध्ये गेलं वर्षभर बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण थोरलीची जीभ. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा खाक्या. घरातल्या एका समारंभात सगळे फोटोसाठी उभे राहिले होते. धाकटी ड्युटीवरून थेट आली होती, तापलेली, घामेजलेली. थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, तू जरा मागे सरक. उन्हानं पार कोळसा झालीयेस, फोटो काळा यायचा." चारजण हसले. धाकटी मागे सरकली, फोटो काढू दिला, आणि न जेवता निघून गेली. तेव्हापासून ती थोरलीला पाण्यात पाहत होती, आणि चूक कुणाची हे थोरलीलाही ठाऊक होतं. फक्त 'चुकलं' एवढा एक शब्द तिच्या तोंडातून निघत नव्हता. शब्दाऐवजी तिनं तेल केलं. माणसं माफी टाळण्यासाठी काय काय उद्योग करतात!

आणि केलंही मन लावून. गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाकळ्या पंख्याखाली सावलीत इतक्या वाळवल्या की चुरल्यावर कुरकुर वाजाव्यात, कारण पाण्याचा अंश राहिला की तेलाला बुरशी धरते. त्या बरणीत भरून वर सूर्यफुलाचं तेल ओतलं. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर तासन्‌तास राखण केली. गाळून त्यात बदामाचं तेल घातलं. घरच्यांसाठी तेवढंच पुरे होतं, आणि ते लावून उन्हात गेलेल्या कुणालाच काही झालं नव्हतं. पण धाकटीच्या बाटलीसाठी तिनं वेगळं काढलं आणि त्यात हिरव्या लिंबांची साल किसून, वाळवून पुन्हा मुरत ठेवली. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी म्हणायची, गाड्यांचा धूर नाकातून जात नाही, लिंबू हुंगलं की जरा बरं वाटतं. ते थोरलीनं लक्षात ठेवलं होतं.

तेल अंगाला चालतं की नाही याची परीक्षाही तिनं घेतली होती. रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून, वर बाही ओढून झोपली. सकाळी कातडी जशीच्या तशी. झालं, पास. ज्या बाईला दिवसभर उन्हात उभं राहायचं, तिच्या तेलाची परीक्षा हिनं अंथरुणात घेतली!

तिनं धाकटीला फोन लावला. उचलला गेला नाही, आणि त्यात नवीन काही नव्हतं. मग दिराला लावला.

"वहिनी, ती मघाशीच गेली," दीर झोपाळलेल्या आवाजात म्हणाला. "चौकातला सिग्नल बंद पडलाय म्हणे, लवकर बोलावलं."

"मी दिलेलं तेल लावून गेली का?"

"मला काय माहीत? काल तर बाटली हातात घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. म्हणाली, आता चेहरा उजळायला तेल पाठवलं का..." तो मध्येच थांबला. आपण नको ते बोलून गेलो हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

"भावजी, उठा आणि बाटली बघा."

चपलांचा आवाज, दाराचा आवाज. "आरशापुढे आहे. बूच उघडंच आहे. थोडं कमी झालंय वाटतं."

थोरलीनं गॅस बंद केला, साबणाची वडी पिशवीत टाकली आणि ती जिना उतरली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि प्रत्येक स्टॉपला ते जास्त पांढरं होत होतं. तिनं बाही खाली ओढली, कारण ऊन पडताच हाताची आग होत होती. अशी आग गालांवर होत असेल तर? फोड गेले तरी डाग राहतील. काळे डाग. वर्षापूर्वी जिला भर घरात काळी म्हटलं, तिच्या तोंडाला आता खरंच काळं लागणार, आणि तेही आपल्या हातानं. कोण म्हणेल हे चुकून झालं? थोरलीला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. यातलं काय आधी करावं हे तिला कळेना.

चौकाच्या अलीकडे बस अडकली ती अडकलीच. सिग्नल बंद, चारी बाजूंनी गाड्या, आणि मध्ये गोल चौथऱ्यावर धाकटी. टोपीची सावली जेमतेम कपाळापर्यंत पोहोचत होती. बाकी सगळा चेहरा उन्हात. थोरली बसमधून उतरली आणि गाड्यांमधून वाट काढत निघाली. धाकटीनं तिला पाहिलं आणि पांढऱ्या हातमोज्याचा पंजा तिच्यासमोर सरळ उभा धरला. थांब. थोरली थांबली नाही. कर्कश शिट्टी वाजली, एका ट्रकवाल्यानं शिवी दिली, तरी ती चौथऱ्यापाशी पोहोचली.

"मरायचंय का?" धाकटी म्हणाली. वर्षभरातलं हे तिचं पहिलं वाक्य.

"तेल लावलंयस?"

"कसलं तेल?"

"मी पाठवलेलं."

"बाटली उघडलीसुद्धा नाही," धाकटी दुसऱ्या बाजूच्या गाड्यांना हात दाखवत म्हणाली. "मला नको तुमचं तेल. माझा चेहरा आहे तसा बरा आहे."

बोलताना ती जराशी वाकली, आणि डिझेलच्या धुरातूनही थोरलीला लिंबाचा वास आला. स्वच्छ, हिरवा, तिनं स्वतः किसलेल्या सालीचा. क्षणभर तिच्या ओठांवर आलं, खोटं बोलू नकोस, बूच उघडं आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा तिनं जीभ आवरली. धाकटीनं तेल लावलं होतं, आणि लावलं हे कबूल करण्यापेक्षा ती गाल जाळून घेईल, हे थोरलीला समोर दिसत होतं.

तिनं बाही वर सारली.

धाकटीची नजर रस्त्यावर होती. ती हातावर आली, ओघळावरून फोडांवर गेली आणि तिथंच थांबली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"हे काय झालं?"

"त्याच तेलानं. साल घातली ना लिंबाची, ती उन्हात जाळते. घरात काही होत नाही. दोन दिवस कळतसुद्धा नाही." थोरलीला दम लागला होता. "तू लावलं नसशील तर चांगलंच आहे. पण माझ्या समाधानासाठी तोंड धू. साबण आणलाय."

धाकटीनं कोपऱ्यावरच्या सहकाऱ्याला खूण केली, तो धावत येऊन चौथऱ्यावर चढला, आणि ती टोपी काढत चौकीकडे निघाली. थोरली मागून जवळजवळ पळत होती.

चौकीच्या मागे नळ होता आणि नळाखाली सावली. आत बाकावर दोन हवालदार डबा उघडून बसले होते. धाकटीनं खाली वाकून तोंडाला साबण फासला. थोरली ओंजळीनं पाणी घालत होती.

"पुन्हा लाव. कानाजवळ राहिलं."

धाकटीनं पुन्हा लावलं. फेसात डोळे मिटलेले असताना ती हळूच म्हणाली, "थोडंसंच लावलं होतं."

"थोडं म्हणजे कुठं?"

"सगळीकडे. मानेलासुद्धा." ती तशीच वाकून राहिली. "वास चांगला होता."

थोरली पाणी घालत राहिली, फेस निघून गेला तरी घालत राहिली. धाकटी सरळ झाली. चेहऱ्यावर अजून काही दिसत नव्हतं, पण दिसत नव्हतं म्हणजे काही नाही असं नव्हतं.

"डाग पडतील?" धाकटीनं विचारलं.

"पडतील कदाचित. खूप दिवस राहतील."

"काळे?"

"हो."

नळ बंद करूनही टपटपत होता. धाकटीनं रुमालानं तोंड पुसलं, गालांवर जरा जास्तच जपून. थोरलीनं खाली ओल्या फरशीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हटलं, "फोटोच्या वेळी मी जे बोलले ते फार वाईट बोलले. माझं चुकलं."

धाकटीनं रुमालाची घडी घातली. "तेव्हा तुमचा आवाज मोठा होता," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू गेला होता. आता का पुटपुटता?"

थोरलीनं चौकीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत दोन परके पुरुष जेवत होते. तिचे कान गरम झाले. मग तिनं मान वर केली आणि घरातल्या सगळ्या खोल्यांत पोहोचेल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मी माझ्या जावेला चारचौघांत कोळसा म्हटलं. ती उन्हात उभी राहून काम करते आणि मी तिला हसले. ते माझं चुकलं. आज तिच्या चेहऱ्याला काही झालं तर तेही माझ्याच हातून झालंय."

एका हवालदाराचा घास हातातच राहिला. दुसऱ्यानं नको तितक्या लक्षपूर्वक डब्यात पाहिलं.

"आलं ऐकू," धाकटी म्हणाली. तिनं टोपी चढवली, रुमाल डोळ्यांखालून नाकातोंडावर बांधला आणि शिट्टी हातात घेतली. चार पावलं जाऊन ती वळली.

"परवा घरी या," ती रुमालाआडून म्हणाली. "डाग पडलेत का ते बघायला. मी एकटी आरशापुढे जाणार नाही."