बुधवारची पंगत

परातीतल्या भिजलेल्या वालांची सालं काढता काढता सोनाबाईचा हात थांबला.

"आज?"

"आज दुपारीच." ललिता मेसच्या फळ्यावर जेवणाचे पदार्थ लिहीत होती. "दोन पानं जास्तीची धरा. संस्थेचे कार्यवाह श्रीपतराव आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे सभासद हैबतराव."

"तपासनी गुरुवारी असते."

"गुरुवारी माझं प्रॅक्टिकल असतं. दिवसभर प्रयोगशाळा सोडता येत नाही. म्हणून मी या वर्षी बुधवार कळवला. हैबतरावांचा लगेच होकार आला."

सोनाबाईने ओले हात पदराला पुसले. शेजारी बसलेली तुळजाबाई मान खाली घालून वाल सोलत राहिली. मेसमधलं पाणी भरणं, भाजी निवडणं आणि वाढणं ही तिची कामं. ती एरवी सतत काहीतरी बोलत असे. आता तिची बोटं तेवढी भराभर चालू लागली.

"कुनाला इचारून कळवलंस?"

"पत्रावर प्राचार्यांची सही आहे."

"मला इचारलंस?"

ललिता खडू हातात धरून वळली. रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून ती जूनमध्ये लागली, आणि जुने व्यवस्थापक निवृत्त झाल्यावर वसतिगृहाची मेस, कॉलेजचं कँटीन आणि वह्यापुस्तकांचं भांडार असं सगळंच तिच्याकडे आलं. काम तिला आवडलं होतं. ओल्या आणि सुक्या लाकडांवर भात शिजायला लागणाऱ्या वेळातला फरक तिने काढून पाहिला होता, आणि तेव्हापासून लाकडं पडवीत रचली जात होती. कँटीनमधल्या दुधाची घनता ती प्रयोगशाळेतल्या उपकरणाने मोजत असे. पण तपासणीचा वार स्वयंपाकघराला विचारून ठरवायचा असतो, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"श्रीपतराव गुरुवारीच का येतात, ठावं हाय तुला?" सोनाबाईने विचारलं.

"त्यांच्या सोयीचं असेल."

"गुरुवारी त्यांचा उपास असतो." सोनाबाईने परात बाजूला सारली. "दर साल येतात. पोरांच्या पंगतीत बसतात. दोन केळी सोलून खातात, जेवान झकास हाय म्हनतात नि जीपमधी बसतात. केळ्याला साल असते, बाय. माजा हात आतपोत जात नाय."

ललिताला आणखी काही सांगावं लागलं नाही. तीही सोनाबाईसारखीच बौद्धवाडीतली, दासगावची होती. मार्चमध्ये तळ्यावर सत्याग्रहाच्या आठवणीला भरणाऱ्या सभेत याच श्रीपतरावांचं भाषण तिने शिक्षक असलेल्या वडिलांच्या शेजारी बसून ऐकलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या.

"इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

"बोलून काय व्हनार होतं? ते जेवत नायत, मी इचारत नाय, आन् माजी चूल चालते. आता बुधवारी ते केळी कशी मागतील? पानावरनं उठले तर पोरांच्या डोळ्यावर येनार. मग उठायला कारन लागंल. ते कारन मीच ना गो?" सोनाबाईचा आवाज चढला नव्हता. "नीलाचं वरीस अर्ध्यात हाय. खोली सोडायला लावली तर कुठं ठेवू तिला, तुज्या प्रयोगशाळेत?"

नीला ललिताच्याच गुरुवारच्या तुकडीत होती. मायलेकी मेसच्या मागच्या खोलीत राहत. खोली नोकरीबरोबरची होती.

"मी प्राचार्यांशी बोलते," ललिता म्हणाली.

"बोल. शिकलेल्यांचं बोलून झालं की मला सांग. तवर आमटी शिजवते."

प्राचार्य खिडकीशी उभे होते. ललिताने सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"मला वाटलं, तुम्ही समजून वार बदललात. तत्त्वाचा प्रश्न म्हणून."

"प्रॅक्टिकल होतं, सर."

"हं." ते खुर्चीत बसले. तिला मात्र बसा म्हणाले नाहीत. "सही करताना मी वार पाहिला नाही. हैबतरावांनी पाहिला. मेस आपल्या भाच्याला ठेक्याने द्यावी म्हणून दोन वर्षं मागे लागलेत ते. भाचा बिरवाडीला कारखान्याच्या कामगारांना जेवण पुरवतो. आज श्रीपतराव न जेवता उठले, की ठेक्याचा ठराव आलाच समजा."

"आज नको म्हणून कळवलं तर?"

"जीप पोलादपुराहून निघालीसुद्धा."

ते थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोनाबाईला बरं नाही. ती मागच्या खोलीत आहे. स्वयंपाक तुळजाबाईने केला, वाढतेयही तीच. ती श्रीपतरावांच्या भावकीतली आहे, तिच्या हातचं त्यांना चालेल. एका वेळचा प्रश्न आहे."

"हे खोटं होईल, सर."

"आणि दर वर्षीचा गुरुवार काय खरा होता?"

ललिता परत आली तेव्हा आमटीला उकळी फुटली होती. तिने प्राचार्यांचा निरोप सांगितला. ती वाट बघत होती, की सोनाबाई हातातली पळी आपटेल, निदान बोलेल तरी. सोनाबाईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, तळहातावर आमटीचा थेंब घेऊन चव पाहिली आणि चिमूटभर मीठ टाकलं.

"भात मधला वाढ, तुळजे," ती म्हणाली. "कडेचा गिच्च झालाय."

"मी काय म्हनू पन?" तुळजाबाईने विचारलं.

"काय म्हनायचंय? हां म्हनायचं."

सोनाबाई मागच्या दाराने गेली. खोलीचं दार तिने लावून घेतलं नाही. ओढून घेतलं, आणि फट राहिली.

मुलांना काय सांगायचं, ते मात्र कोणीच ठरवलं नव्हतं. ती लांब पट्ट्यांवर समोरासमोर बसली होती. अर्धी खाड्या-डोंगरांतल्या शेतकऱ्यांची, अर्धी गावोगावच्या बौद्धवाड्यांतली, आणि सगळी सोनाबाईच्या हातचं जेवून वाढलेली. पंगतीच्या टोकाला पाट मांडले होते. श्रीपतराव हात धुऊन आले, पण पाटाजवळ येऊन थांबले. पांढरं धोतर, काळा कोट, काठी. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

"बसा ना, आबा," हैबतराव म्हणाले. ते आधीच बसले होते. "आज काय उपास नाही. बुधवार आहे."

"सोनाबाई आज आजारी आहे," प्राचार्य मोठ्याने म्हणाले. "सगळं आपल्या तुळजाबाईंनी केलंय."

पंगतीतले दोन-तीन चेहरे एकदम वर आले. एका मुलाने ललिताकडे पाहिलं. ती तांब्यात पाणी किती आहे ते बघू लागली.

श्रीपतरावांनी काठी भिंतीला टेकवली. कोटाचं बटण सोडलं. बसताना त्यांनी सोडलेला श्वास ललिताला ऐकू आला.

ते जेवू लागले. आधी सावकाश, मग भूक लागलेल्या माणसासारखे. तांदळाची भाकरी मोडून आमटीत बुडवली, वाल बोटांनी दाबून पाहिले. "सोलले छान आहेत," ते म्हणाले. पुन्हा भात मागितला.  एरवी या वेळी मेसमध्ये शेजारच्याचं ऐकू येत नसे. आता भाकरी मोडल्याचा आवाजही येत होता.

हैबतरावांनीही निम्मं ताट संपवलं होतं. त्यांनी ओठ पुसले.

"म्हणजे आबा, सोनाबाई नसली तरी चालतंय की. उगाच ती जागा कशाला अडवायची? खोलीही मोकळी होईल. परवाच्या सभेत ठेक्याचं घेऊन टाकू."

प्राचार्यांचा घास हातातच राहिला. ललिताला वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी घास तोंडात घातला.

"ठेका कशाला?" श्रीपतराव म्हणाले. "तुझा भाचा या पोरांना पाणी घालून आमटी देईल. ही आपली बाई आहे की." त्यांनी वर पाहिलं. तुळजाबाई आमटीचं भांडं घेऊन समोरच उभी होती. "काय गो, जमंल ना तुला कायमचं? पगार वाढवून देऊ. खोली पन मिळंल. दोन पोरं घेऊन भावाच्या घरात किती दिवस काढशील?"

 ललिता दाराशी उभी होती, तिथून तिला मागच्या खोलीची फट दिसत होती. फटीत सोनाबाईच्या लुगड्याचा हिरवा काठ होता. तो हलला नाही. आपणच आता पुढे व्हावं, सांगून टाकावं, असं ललिताला वाटलं.  ती एक पाऊल पुढे आलीही.

"माज्यानं नाय व्हायचं, आबा," तुळजाबाई म्हणाली.

"का? आज तर केलंस."

"मी नाय केलं." भांडं जड होतं. तिने ते दुसऱ्या कुशीला घेतलं. "मी घरी चार मानसांचा भात करते, तो पन लागतो. ह्ये समदं सोनाबाईनं केलंय. तिला काय झाल्यालं नाय. मागं बसवलीय."

कोणाच्या तरी हातातला पेला फरशीवर टेकला.

हैबतरावांनी पानातला हात उचलला आणि आपल्या अर्ध्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग श्रीपतरावांकडे. एका मुलाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घालवलं.

"तू हे काय बोलतेस, कळतंय का तुला?" हैबतराव म्हणाले.

"कळतंय. मी पन तिच्याच हातचं जेवते की. इथं लागल्यापास्नं." तुळजाबाईने पळी भरून घेतली आणि श्रीपतरावांच्या ताटावर धरली. "आमटी वाढू, आबा? भात कोरडा हाय तुमचा."

श्रीपतरावांची बोटं भातात होती. पळीतून एक थेंब ताटाच्या काठावर पडला. ते उठले असते, तर सगळी पंगत उठली असती. मुलांचे हात पानांतच थांबले होते, आणि सगळ्या माना एकाच दिशेला होत्या. त्यांच्या मानेवरची शीर ललिताला स्पष्ट दिसत होती.

त्यांनी डोळे वर केले नाहीत. बोटांनी भात चारी बाजूंनी हळूहळू सारला आणि मध्ये आळं केलं.

तुळजाबाईने आमटी वाढली.

जेवण झाल्यावर हातावर पाणी घालायला ललिता बाहेर गेली. श्रीपतरावांनी बराच वेळ हात धुतले. हैबतराव आणि प्राचार्य जीपकडे गेले होते.

"तू दासगावच्या मास्तरांची ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हुशार होते." त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि काठी घेतली. "पुढल्या वर्षी गुरुवार धर."

 जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती रिकामा तांब्या घेऊन उभी राहिली.

स्वयंपाकघरात सोनाबाई परत आली होती आणि भाताचं भांडं कलंडून बघत होती.

"काय म्हनले?"

"पुढल्या वर्षी गुरुवार धर म्हणाले."

सोनाबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर धरून हसू लागली. "पुढल्या वर्साचं बोलला! ऐकलंस गो, तुळजे? पुढल्या वर्साचं बोलला म्हातारा! म्हंजी माजी चूल ऱ्हायली!"

तुळजाबाई मोरीजवळ ताटं रचत होती. ती हसली नाही.

"आन् माजं?" तिने विचारलं. "माजं काय म्हनले?"

ललिताने आठवून पाहिलं. आठवायला काहीच नव्हतं. "तुमचं काही बोलले नाहीत."

"इथं नाय बोलायचे." तुळजाबाईने वरचं ताट सरळ केलं. "हैबतराव बोलंल. सांजच्याला घरी जाईन तवर भावाच्या कानावर गेलं असंल. घरात घेतो का नाय, कुनाला ठावं."

सोनाबाईचं हसू थांबलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर राख धरली होती. ललिताला काहीतरी उपाय सुचायला हवा होता. पत्र, सही, दुसरा वार, काहीही. 

सोनाबाई उठली. दोन ताटं घेऊन भिंतीशी शेजारीशेजारी ठेवली. भांड्याच्या मधला भात काढला आणि तुळजाबाईच्या ताटात वाढला.

"बस," ती म्हणाली. "सांज व्हायला येळ हाय."