पाचवी घटका

मी एक जुने घटिकापात्र आहे. मोजणे हेच माझे काम, म्हणून मित्रांनो, सुरुवातही मोजूनच करते. शके १८६९ च्या फाल्गुनात एका पहाटे मुरुमच्या आमच्या घरापुढे बैलगाडी उभी होती. गाडीत पाच माणसे आणि सोळा वस्तू होत्या. वाकळा तीन, ज्वारीची पोती दोन, तुरीच्या डाळीचे गाठोडे एक, घागर एक, तवा एक, पातेली दोन, कंदील एक, तेलाची बुधली एक, दोरखंड एक, लग्नाच्या लुगड्यांची पत्र्याची ट्रंक एक, तांब्याचे घंगाळ एक, आणि त्या घंगाळात फडक्यात गुंडाळलेले मी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेले नसेल. मी तांब्याची, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी वाटी आहे. माझ्या तळाला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात मला अलगद सोडले की त्या छिद्रातून पाणी आत चढू लागते. ते काठापर्यंत आले की मी 'डुब्' असा आवाज करून बुडते. तेवढा वेळ म्हणजे एक घटका, म्हणजेच चोवीस मिनिटे. गावात घड्याळे नव्हती तेव्हा लग्नाची वेळ माझ्यावर ठरत असे.

मला ठोकून घडवणाऱ्या तांबटाजवळही घड्याळ नव्हते. त्याने मला एका जुन्या घटिकापात्राशेजारी पाण्यात सोडले. मी आधी बुडाले. त्याने छिद्राच्या कडा हलक्या हाताने ठोकून आवळल्या आणि पुन्हा सोडले. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी आम्ही दोघे एकदम बुडालो, तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली.

माझे मालक गुरुसिद्धप्पा. मुरुमच्या बाजारात त्यांचे भुसाराचे छोटे दुकान होते. आसपासच्या गावांत लग्न असले की ते मला घेऊन जात आणि एका नारळाशिवाय काही घेत नसत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते घंगाळाशेजारी बसत, आणि एकदा बसले की कोणाचे ऐकत नसत. एकदा नवऱ्या मुलाच्या मामाची गाडी वाटेत अडकली. लोक विनवू लागले, "जरा थांबा की आप्पा." गुरुसिद्धप्पा म्हणाले, "मामाला सांगा, घटका त्याच्या बैलांवर चालत न्हाय." लग्न मामाविना लागले.

मी बुडाले की मला उचलून, पाणी ओतून, पुन्हा सोडण्याचे काम त्यांचा मुलगा सिद्धलिंग करी. त्याची एक सवय होती. सोडण्याआधी तो अंगठ्याने माझे छिद्र एकदा पुसून घेई, कचरा अडकू नये म्हणून. पंधरा वर्षे मी दुसऱ्या कोणाच्या हातून पाण्यात उतरले नव्हते.

त्या फाल्गुनात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने गावेच्या गावे निजामी हद्द ओलांडत होती. गुरुसिद्धप्पांनीही दुकानाला कुलूप लावले. गाडीत ते, त्यांची पत्नी शिवकांताबाई, सिद्धलिंग, त्याची गरोदर बायको मल्लम्मा आणि धाकटी मुलगी इरम्मा बसले. इरम्माचे लग्न वैशाखात ठरले होते. अक्कलकोटकडच्या एका गावात शिवकांताबाईंची थोरली बहीण राहत होती. तिच्याकडे जायचे होते.

दुपारी सरहद्दीच्या नाक्यावर गाडी अडवली गेली. तरुण मुलगे पलीकडच्या निजामविरोधी छावण्यांना जाऊन मिळतात, असा नाक्यावाल्यांना संशय होता.

"बुड्ढे, औरतां जाव," शिपाई म्हणाला. "ये जवान उतरेगा."

शिवकांताबाईंनी मुलाची बाही धरली. सिद्धलिंगने ती हळूच सोडवली. "अप्पा, तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "बैल तापल्यात, त्यास्नी पाणी दावा. म्या सांजच्याला येतोच."

गाडी हलली. मी कोरड्या घंगाळात होते. पाण्याविना मला वेळ कळत नाही, त्यामुळे ती संध्याकाळ किती वेळ चालली ते मला सांगता येणार नाही.

दारात थोरल्या बहिणीने, कोंडाबाईंनी, शिवकांताबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. दोघी अकरा वर्षांनी भेटत होत्या.

"आगं बया, किती वाळलीस गं! नवरा घटका मोजतो का तुझा घास मोजतो?"

"अक्का, हसू नगंस," म्हणत शिवकांताबाई तिच्या गळ्यात पडल्या आणि रडू लागल्या. मग कोंडाबाईंनी गाडीतली माणसे मोजली आणि त्यांचेही हसू थांबले.

वैशाख आला. इरम्माचे लग्न पुढे ढकलले. श्रावणात मल्लम्माला मुलगी झाली. जन्मवेळ टिपायला गुरुसिद्धप्पांनी मला पाण्यात सोडले. सूर्य उगवल्यापासून अकरा घटका झाल्या होत्या. बाराव्या वेळी मला उचलून सोडताना छिद्र पुसायचे ते विसरले. बाराव्या दिवशी बारसे करायचे होते. मल्लम्मा म्हणाली, "नाव त्यांनी आल्यावर ठिवू." म्हणून सगळे तिला नुसते 'बाळी' म्हणत राहिले.

भाद्रपदात पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. दसऱ्यानंतर आम्ही मुरुमला परतलो. दुकानाचे कुलूप जसेच्या तसे होते. किल्ली फिरवायला मात्र गुरुसिद्धप्पांना दोन्ही हात लावावे लागले. आतली ज्वारी किड्यांनी पोखरली होती. शिवकांताबाई रोज संध्याकाळी उंबऱ्यात पाणी शिंपडत आणि रस्त्याकडे पाहत.

कार्तिकात लोहाऱ्याचा बिभीषण नावाचा तरुण दारात आला. तो सिद्धलिंगबरोबर तुरुंगात होता.

"आमी एकाच दिवशी सुटलो, आप्पा," तो म्हणाला. "पर त्याला ताप हुता. वाटंत एका मठात त्यो थांबला. मला म्हनला, तू व्हो पुढं, म्या येतो मागून."

हे शब्द ऐकून शिवकांताबाई आत निघून गेल्या. गुरुसिद्धप्पा त्याच दिवशी मठाकडे निघाले. नऊ दिवसांनी एकटेच परतले. मठातल्या स्वामींनी सांगितले होते की तापाचा माणूस आठ दिवस राहिला, मग ताप उतरला आणि तो पायीच मुरुमच्या दिशेने गेला. गुरुसिद्धप्पांनी परतीच्या वाटेवर अकरा गावांत थांबून चावडीवर एकच निरोप ठेवला: सिद्धलिंग दिसला तर त्याला सांगा, बहिणीचे लग्न माघ वद्य पंचमीला, सूर्य उगवल्यापासून पाचवी घटका भरताना. नवऱ्याकडची मंडळी पौषातच घाई करीत होती. गुरुसिद्धप्पांनी हात जोडून माघापर्यंत मुदत मागून घेतली, कारण अकरा गावांतून निरोप पोहोचायला वेळ लागतो.

तो दिवस उजाडला. मला माजघरात घंगाळात सोडले होते. बाजूला इरम्मा हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या बांधून बसली होती. मंडप बाहेर अंगणात होता. मल्लम्मा बाळीला घेऊन दारात, रस्ता दिसेल अशी उभी होती. मला सोडायला कोणी दुसरा नको म्हणून गुरुसिद्धप्पा स्वतःच बसले.

नवऱ्याचे चुलते कल्याणप्पा मास्तर हातात साखळीचे घड्याळ घेऊन आत आले. ते शाळेत शिकवत आणि गप्पिष्ट होते.

"काय आप्पा, माझ्या खिशात मिनिटाचा काटा फिरतोय आन् तुमी अजून पाण्याकडं डोळं लावून?"

"तुमच्या घड्याळाला किल्ली कोण देतं, मास्तर?"

"मीच की, रोज रात्री."

"आन् विसरला तर?"

मास्तर हसले. "बरं, बघू तुमच्या पाण्याची परीक्षा." त्यांनी माझी पहिली घटका घड्याळावर लावून पाहिली. दुसरीही पाहिली. मग त्यांनी भुवया उंचावल्या आणि जमिनीवर मांडी घातली. तिसरी घटका गेली. चौथी गेली. उमरग्याकडून येणारी मोटार अजून आली नव्हती, आणि पायवाटेवरही कोणी दिसत नव्हते.

पाचव्या वेळी गुरुसिद्धप्पांनी मला उचलले, पाणी ओतले आणि हातातच धरून ठेवले. इतकी वर्षे त्यांनी मला असे कधी धरले नव्हते. शिवकांताबाई शेजारी येऊन बसल्या. कुंकू लावताना कपाळाला आधी मेण लावायची त्यांची छोटी पितळी डबी त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्याजवळ ठेवली आणि झाकण काढले.

"काय म्हनतीस?" गुरुसिद्धप्पांनी विचारले.

"म्या काय बी म्हनत न्हाय. तुमी पाण्याकडं बघा."

गुरुसिद्धप्पांनी डबीतून मोहरीएवढे मेण नखावर घेतले आणि माझ्या छिद्राच्या कडेला दाबले. छिद्र पुरते बुजले नाही. एका केसाएवढी वाट उरली. मग त्यांनी मला पाण्यात सोडले.

मित्रांनो, मी ज्या पाण्यात जन्मभर खरे बोलले, त्याच पाण्यात मी त्या दिवशी खोटे बोलू लागले. पाणी आत येत होते, पण इतके हळू की ते चढताना मला जाणवत नव्हते. मला बुडायचे नव्हते. मला एक अंगठा हवा होता.

बाहेरून कोणीतरी ओरडले, "मास्तर, किती राहिलं?"

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग गुरुसिद्धप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी घड्याळाचे झाकण मिटले नाही. "भरत आली!" ते ओरडले. "तवर सुपारी खावा!" आणि उठून ते माजघराच्या उंबऱ्यावर मंडपाकडे पाठ करून बसले, म्हणजे आत कोणाला यायला वाटच उरली नाही.

दूर मोटारीचा भोंगा वाजला. मल्लम्मा दोन पावले रस्त्यात उतरली. शिवकांताबाई उठल्या. थोड्या वेळाने मंडपात कोणीतरी आले आणि त्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. तो बिभीषणचा होता.

"सिद्धलिंग कुठाय? त्याच्यासाठी म्या पटका आणलाय. मला वाटलं, त्यो आधीच पोचला आसंल."

मल्लम्माच्या खांद्यावर बाळी रडू लागली.

इरम्मा उठली आणि वडिलांजवळ येऊन बसली. हळदीचा हात तिने त्यांच्या मनगटावर ठेवला.

"अप्पा, सोडा आता."

"जराशीक थांब, इरू."

"आण्णा आला की म्या त्याला सांगीन, तू येईस्तवर अप्पांनी पाणी धरून ठिवलं हुतं. पर माणसं ताटकळल्यात. सोडा."

गुरुसिद्धप्पांनी मला पाण्यातच किंचित कलते केले आणि नखाने मेण काढून टाकले.

सिद्धलिंग त्या दिवशी आला नाही. पुढेही आला नाही. मठापासून मुरुमपर्यंतच्या अकरा गावांपैकी तीन गावांत त्याला पाहिल्याचे लोक सांगत. चौथ्या गावात तो कोणालाच दिसला नव्हता. बाळीचे नाव शेवटी शाळेत घालताना मास्तरांनी ठेवले. गुरुसिद्धप्पांनी त्यानंतर मला कोणत्याही लग्नाला नेले नाही. लोक बोलवायला येत, तेव्हा ते म्हणत, "आता मास्तरांकडं घड्याळ हाय."

माझ्या छिद्राच्या कडेला अजून त्या मेणाचा एक कण आहे. मला घासायला घ्याल तेव्हा राख-चिंच खुशाल लावा, पण त्या जागी टाचणी घालू नका. तुमच्या घरातही एखादे जुने भांडे असेल. ते मोडीत देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, की ते कशासाठी वापरत होते आणि कोणाच्या हातात असायचे.

त्या सकाळी मी बुडाले, तेव्हा मास्तरांनी उंबऱ्यावरून मंडपाकडे वळून मोठ्याने सांगितले, "घटका भरली! मुहूर्त बरोबर हाय!" अक्षता पडल्या. पंगत बसली. मग मास्तर परत आत आले आणि त्यांनी उघडे घड्याळ गुरुसिद्धप्पांपुढे धरले. पहिल्या चार घटका चोवीस-चोवीस मिनिटांच्या होत्या. पाचवी घटका एक्केचाळीस मिनिटांची होती.